रिकामं फोल्डर आणि चाळीस शर्ट

माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आधीच माफी मागते. अक्षरही चांगलं नाही, ओळ चढत जाते. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर हात सुईवर बसला, पेनावर बसलाच नाही. ही वही मशीनच्या खालच्या खणात राहील. माझ्यानंतर जी कोणी या मशीनवर बसेल तिला उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. मैथिलीला, म्हणजे माझ्या जाऊबाईला, मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी फोल्डर उघडलं आणि ते रिकामं होतं.

कोणतं फोल्डर, ते सांगते. आमचं काम एम्ब्रॉयडरीचं. इथे तमिळ मुलखात, तांबरमला, भाड्याच्या घरात खालच्या मजल्यावर आम्ही, वरच्या मजल्यावर माझे दीर सुरेशभाऊजी आणि मैथिली. आमचे हे आणि भाऊजी दोघंही ओरगडमला कारखान्यात आहेत. खालच्या पुढच्या खोलीत बारा सुयांचं मशीन आहे. ते माझं आहे. नऊ वर्षं ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशांतून घेतलंय. शर्टाच्या खिशावर कंपनीचं चिन्ह काढायचं, शाळेच्या गणवेशावर नाव काढायचं, असली कामं असतात.

पण मशीनला चित्र कळत नाही. त्याला टाके कळतात. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, किती टाके घालायचे, हे कॉम्प्युटरवर बसून कोणीतरी आधी लिहावं लागतं. धंद्यात याला पंचिंग म्हणतात. ते मैथिली करते, वरच्या खोलीत, फॅनखाली. तयार फाइल तिच्या कॉम्प्युटरवरच्या ‘डिझाइन’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. मी खाली माझ्या कॉम्प्युटरवरून तेच फोल्डर उघडते, फाइल पेनड्राइव्हवर घेते आणि पेनड्राइव्ह मशीनला लावते. जिना चढायला लागत नाही. याला शेअरिंग म्हणतात.

दोन्ही कॉम्प्युटर जुने, एका ऑफिसने काढून टाकलेले. भाऊजींनी त्यांवर लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची सिस्टीम. मला आधी भीती वाटली होती, पण आता माझ्या कामापुरतं सगळं येतं. शेअरिंगसाठी भाऊजींनी स्क्रीनवर एक खूण करून दिली होती. ती दाबली की वरचं फोल्डर उघडायचं. दोन वर्षं एकदाही अडलं नाही.

आता मैथिलीचं. ती तंजावर मराठी घरातली, जन्म इथलाच, बी. कॉम. झालेली. तिचं मराठी जुन्या वळणाचं, मध्ये तमिळ शब्द. मला ‘अक्का’ म्हणते. गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलते, तमिळमध्ये हसते. माझ्या तोंडून चार वाक्यं एका दमात निघत नाहीत, मराठीतसुद्धा नाही. गिऱ्हाईक आलं की गेटमधूनच विचारतं, “मैथिली मॅडम आहेत का?” मी बोटाने जिना दाखवते. वर कॉफी होते, हसण्याचा आवाज येतो. जाताना गिऱ्हाईक माझ्या दारात डोकावतं आणि म्हणतं, “किती झाले, अम्मा?”

शर्टांचं काम देणारे सेल्वम सर होते. कारखान्यांना गणवेश पुरवतात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी मिठाईचा डबा पाठवला. त्यावर चिठ्ठी होती: मैथिली मॅडमना, उत्तम कामाबद्दल. डबा तिने माझ्यापुढे उघडला, पहिला तुकडा मला दिला. मी खाल्ला. टाके कोणी घातले? चार महिने पाठ कोणाची दुखली? पण मी बोलत नाहीच, म्हणून आत साठत जातं.

त्याच संध्याकाळी सर स्वतः आले, तेव्हा जिन्यावर उभे राहून तिला सांगत होते, “मॅडम, डिझाइन तुमची प्रॉपर्टी. फोल्डरला लॉक ठेवा. आजकाल कोणाचा भरवसा नाही.”

“सरि सर, करते,” मैथिली म्हणाली. सरि म्हणजे बरं.

घरात मशीनवर मी एकटी. मग ‘कोणाचा’ म्हणजे कोणाचा?

आमच्याकडे खंडेनवमी म्हणतात, इथे आयुधपूजा. ज्या हत्याराने पोट भरतं त्याची पूजा करायची आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. आम्ही मशीन पुसलं, चंदन-कुंकू लावलं, पुढे चुरमुरे, केळी, लिंबू ठेवलं. दोन्ही कॉम्प्युटर बंद केले. मैथिलीने भिंतीवरचा राउटरसुद्धा बंद केला. राउटर म्हणजे ज्यातून इंटरनेट येतं आणि ज्यातून दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती पेटी.

“तो कशाला?” मी विचारलं.

“तोही आयुधच ना, अक्का? त्यासही एक दिवस सुट्टी.” तिने त्याच्यावरही चंदनाचा टिळा लावला.

एरवी राउटर आणि तिचा कॉम्प्युटर कधी बंद होत नसत. माझाच तेवढा रोज बंद व्हायचा. हे पुढे महत्त्वाचं आहे.

दसऱ्याला मी सगळ्यांच्या आधी उठले. देवाला नमस्कार केला, राउटर चालू केला, माझा कॉम्प्युटर चालू केला. मैथिली अजून उठायची होती. मशीनला तेल दिलं, बॉबिन भरले, पहिल्या गठ्ठ्यातले शर्ट मोजले. सेल्वम सरांची एकशेवीस शर्टांची ऑर्डर होती, सोमवारी सकाळी द्यायची. कंपनीत मोठे साहेब येणार होते आणि लाइनवरच्या सगळ्यांना नवा शर्ट हवा होता. हे वेळेत दिलं की वर्षभराचं काम आपलं, असं सरांनी सांगितलं होतं. खिशावरचं चिन्ह नवीन होतं. गोल चाक आणि त्याखाली पाच अक्षरं. मैथिलीने त्याचं पंचिंग दोन दिवस आधीच केलं होतं.

आठ वाजता वर तिच्या चपलांचा आवाज आला. तिने कॉम्प्युटर लावला तेही कळलं, त्याचा पंखा घरघरतो. मी खूण दाबली. फोल्डर उघडलं. आत काही नाही.

नव्या बाईसाठी इथे थांबून सांगते. लाइन तुटली की स्क्रीनवर तसं लिहून येतं, फोल्डर उघडतच नाही. इथे उघडलं होतं. फक्त रिकामं होतं. मी कॉम्प्युटर बंद करून परत लावला. रिकामं. वायर काढून फुंकर मारून परत घातली. रिकामं. राउटरचे दिवे पाहिले, सगळे हिरवे. मोबाइलवर व्हिडिओ लावला, तोही चालला.

म्हणजे मशीन बरोबर, वायर बरोबर, राउटर बरोबर. मग एकच गोष्ट उरली. तिने फायली काढून घेतल्या.

जिना चौदा पायऱ्यांचा आहे. वर जाऊन “फाइल दे” एवढंच म्हणायचं होतं. मी गेले नाही. माझ्याच मशीनसाठी मी तिच्यापुढे हात पसरू? भाऊजींना विचारता आलं असतं. कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पण ते संध्याकाळी घरी येतातच. तेही टाळलं. तिचाच नवरा, तिच्याविरुद्ध मला काय सांगणार?

मग मी एक गोष्ट केली. आजही आठवलं की कान तापतात. त्या रिकाम्या फोल्डरमध्ये मी एक नवीन फोल्डर तयार केलं आणि त्याला नाव दिलं. इंग्रजी अक्षरं एकेक शोधून लिहिलं, ‘मशीन माझं आहे’. वर तिच्या स्क्रीनवर हे दिसेल, ती खाली येईल, मग बघू. तोंडाने जे बोलता आलं नाही ते लिहून पाठवलं.

दुपारी ती खाली आली. हातात सुंडलची वाटी, नवरात्रातले उरलेले चणे नारळ घालून परतलेले.

“अक्का, काम सुरू नाही केलंत? आज चांगला दिवस.”

“करीन.”

“काही पाहिजे तर सांगा हं.”

“मला काही नको.”

तिने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि गेली. लिहिलेलं वाचूनही चेहऱ्यावर काही नाही! मला वाटलं, किती निगरगट्ट बाई ही. सुंडल मी कावळ्याला घातलं.

दुसऱ्या दिवशीही फोल्डर तसंच. आत फक्त माझं लिहिलेलं. सरांचा फोन आला, तोही तिच्यावर. ती जिन्यातून ओरडली, “अक्का, सर विचारतायत, सोमवारी नक्की ना?”

“नक्की,” मी खालून म्हटलं.

मग पर्स उचलली आणि बाजारातल्या पंचिंगच्या दुकानात गेले. मोबाइलमधला चिन्हाचा फोटो दाखवला. तिथल्या माणसाने तासाभरात फाइल करून दिली, चारशे रुपये घेतले. येताना मी स्वतःवर खूश होते. बघ म्हटलं, तुझ्यावाचून माझं अडत नाही. बी. कॉम.वालीचं काम चारशे रुपयांत होतं.

घरी आल्यावर ट्रायल घेतली. नवीन काम आलं की आधी एक तुकडा काढून बघायचा, हा नियम. नियम असाही आहे की ज्या कापडावर काम करायचं त्याच कापडावर ट्रायल घ्यायची. शर्टाचं कापड मऊ, थोडं ताणणारं होतं. माझ्याकडे त्याचा तुकडा नव्हता. वर मैथिलीकडे होता. मी जीनच्या जाड तुकड्यावर ट्रायल घेतली. चाक गोल आलं. मी शर्ट फ्रेमला लावले आणि बटण दाबलं.

एका खिशाला सहा मिनिटं. मशीन सुरू झालं की मी डोकं बाजूला ठेवते. दोरा तुटला की जोडायचा, शर्ट काढायचा, दुसरा लावायचा. चाळीस झाल्यावर इस्त्री करायला घेतले. इस्त्री फिरवली आणि पाहिलं, चाक अंड्यासारखं आलं होतं. अक्षरं एकमेकांना चिकटली होती.

नव्या बाईने हे लक्षात ठेवावं. टाका कापडाला ओढतो. मऊ कापडाला जास्त ओढतो. म्हणून पंचिंग करणाऱ्याने चाक मुद्दाम थोडं आडवं रुंद काढायचं असतं, म्हणजे ओढलं गेल्यावर ते गोल होतं. किती रुंद, ते कापड हातात धरून ठरवायचं. दुकानातल्या माणसाने कापड पाहिलंच नव्हतं. मी दाखवलंच नव्हतं. मैथिली नव्या कापडाचा तुकडा दोन बोटांत धरून ताणत बसायची, तेव्हा मला वाटायचं वेळ घालवते.

आणि खिशावरचं भरतकाम उसवता येत नाही. उसवलं तर भोकं दिसतात.

मी ते शर्ट लपवणार होते. पण त्याच वेळी सेल्वम सर आले, प्रगती बघायला. एक शर्ट उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता जिना चढले.

वरून आवाज आला. “मॅडम, हे काय? चाक आहे की कैरी?”

“सर, हे माझं डिझाइनच नाही!”

“तुमच्या घरात, तुमच्या मशीनवर झालंय!”

‘तुमच्या मशीनवर’. तेव्हाही मला तेच टोचलं. चाळीस शर्ट वाया गेले होते आणि मी मशीन कोणाचं यावर अडले होते.

मैथिली खाली आली, सर मागोमाग. “अक्का, हे कोणी पंच केलं?”

“बाजारात.”

“का? माझी फाइल होती ना?”

“कुठे होती?” माझा आवाज फुटला. “तू सगळं काढून घेतलंस! रिकामं फोल्डर ठेवलंस! मी काय चोर आहे?”

तिने माझा हात धरला आणि वर नेलं. तिच्या स्क्रीनवर फोल्डर उघडं होतं. आत सगळं होतं. दोन वर्षांची कामं, ओळीने, आणि शेवटी नवं चाक.

मी ती ओळ वरपासून खालपर्यंत पाहिली. मी काहीतरी वेगळंच शोधत होते. माझं ‘मशीन माझं आहे’ तिथे नव्हतं.

मग मी ते लिहिलं कुठे?

मी खाली आले. ती मागे आली. खूण दाबली, फोल्डर उघडलं, आणि तिने माझ्या खांद्यावरून मोठ्याने वाचलं. सरांनीही वाचलं, पण त्यांना मराठी येत नाही, एवढं नशीब.

“हे मज लिहिलं होतं?” तिने हळू विचारलं.

माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मशीनमध्ये बिघाड झाला की मी एकेक भाग बंद करून बघते. म्हटलं, “तुझा कॉम्प्युटर बंद कर.”

“आत्ता?”

“पूर्ण बंद. मग सांग.”

ती वर गेली. जिन्यातून ओरडली, “केला बंद!” मी फोल्डर मिटलं, परत खूण दाबली. उघडलं. आत माझं लिहिलेलं, जसंच्या तसं.

तिचा कॉम्प्युटर बंद असताना तिचं फोल्डर उघडतं कसं? म्हणजे ते तिचं नव्हतंच. घरात कॉम्प्युटर दोनच. एक बंद. उरला कोण?

मी माझ्याच कॉम्प्युटरमधलं घराचं चित्र दाबलं, खुणेच्या वाटेने न जाता. तिथे एक ‘डिझाइन’ फोल्डर होतं. ते उघडलं. ‘मशीन माझं आहे’.

दोन दिवस मी स्वतःच्याच रिकाम्या फोल्डरमध्ये बसून तिच्यावर जळत होते.

संध्याकाळी भाऊजींनी सांगितलं ते असं. राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर देतो, खोलीला असतो तसा. मैथिलीच्या कॉम्प्युटरचा पाच होता. माझ्या स्क्रीनवरची खूण म्हणजे ‘पाच नंबरला जा’ एवढंच. पूजेला राउटर बंद झाला तेव्हा तो जुने नंबर विसरला. दसऱ्याला मी सगळ्यांच्या आधी कॉम्प्युटर लावला, म्हणून पाच मला मिळाला. मग आलेल्या मैथिलीला सहा. आणि दोन्ही कॉम्प्युटर भाऊजींनी एकाच साच्यातून तयार केलेले, म्हणून माझ्यातही त्याच नावाचं शेअर केलेलं फोल्डर होतं, पासवर्डही तोच. मी त्यात कधी काही ठेवलं नव्हतं, म्हणून ते रिकामं.

“वहिनी, माझ्या फोनवर एक निरोप ठेवला असता तर संध्याकाळी दोन मिनिटांत सांगितलं असतं,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी राउटरमध्ये दोन्ही कॉम्प्युटरचे नंबर कायमचे बांधून टाकले आणि माझ्याकडच्या फोल्डरचं नाव बदलून ‘खालचं’ केलं. आता बंद करा, पूजा करा, काहीही करा, नंबर बदलत नाही.

पण हे सगळं संध्याकाळी. दुपारी सेल्वम सर अजून दारात उभे होते. त्यांनी हिशेब सांगितला. चाळीस शर्ट, एकाचे तीनशे दहा, बारा हजार चारशे. नवे शर्ट ते आजच गोडाऊनमधून पाठवतील, पण पैसे आत्ता, नाहीतर सगळा माल उचलून दुसरीकडे नेतील. माझ्याकडे तेव्हा दोन हजारही नव्हते. आमच्या यांचा पगार व्हायचा होता.

मैथिली वर गेली आणि पैसे घेऊन आली. तिच्या चिटफंडाचे होते, आदल्याच आठवड्यात सुटलेले. सरांच्या हातात दिले. सर गेल्यावर माझ्याकडे वळली. ती हसत नव्हती. पहिल्यांदाच मी तिला न हसताना पाहिलं.

“अक्का, हे भेट नाही. तुम्ही परत द्या. माझं नाव खराब झालं. सर वाटेत दहा जणांना सांगतील, मैथिलीने कैरी काढली म्हणून.”

“देईन.”

“आणि मशीन तुमचंच आहे. कोणी नाही म्हणालं? मज तर ते चालवताही येत नाही. मी एकदा दोरा ओवला तर तीन सुया मोडल्या. सुरेश अजून हसतात.”

ती समजूत घालत होती की खरंच सांगत होती, मला कळलं नाही. मला हसू आलं नाही. उलट आणखी जळफळाट झाला. आता मी तिची देणेकरीणसुद्धा होते.

एकशेवीस शर्ट आम्ही वेळेत दिले. तिने स्वतः खाली बसून पहिल्या शर्टाची ट्रायल पाहिली, फाइलमध्ये अर्धा मिलिमीटर कमी केला, मग मी बटण दाबलं. चाक गोल आलं. सर काही बोलले नाहीत. सरांच्या बाबतीत ती तारीफच. वर्षभराचं काम आम्हाला मिळालं. तरीही त्यांचे फोन तिच्यावरच येतात.

नव्या बाईला सांगायचं ते हे. शेजारच्या कॉम्प्युटरचं फोल्डर रिकामं दिसलं तर आधी तो कॉम्प्युटर बंद करून बघ. तरीही फोल्डर उघडत असेल तर तू स्वतःच्याच घरात आहेस. आणि ट्रायल त्याच कापडावर घे. एवढं केलंस तर बाकीचं विचारायला चौदा पायऱ्या चढाव्या लागतील, तेवढ्या चढ.

पैसे मी दर महिन्याला माझ्या वाट्यातून दोन हजार दिले. सहा महिने. ती मोजून घ्यायची आणि कॅलेंडरवर टिकमार्क करायची. सातव्या महिन्यात चारशे उरले. मी वर गेले. तिच्याकडे एक गिऱ्हाईक बसलं होतं, कॉफी चालली होती.

“अक्का, चारशेचं काय एवढं? राहू द्या,” ती तमिळमध्ये म्हणाली, गिऱ्हाइकाला ऐकू जावं अशा आवाजात.

“घे,” मी मराठीत म्हटलं.

शंभराच्या चार नोटा टेबलावर ठेवल्या. तिने त्या मोजल्या, कॅलेंडरवर शेवटची टिक केली. सगळे पैसे फिटले.